आधी पट्टी, मग जखम

"मुलगी म्हणाली, मैदान द्या. हे म्हणाले, पुस्तक द्या. आता बसा वाचत." मीनाताई डाळिंब्या सोलता सोलता पुटपुटल्या. बिल्डरने हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत काढून त्याला ओपन किचन असं नाव दिलं होतं, त्यामुळे त्या घरात स्वतःशी पुटपुटण्याची सोय उरली नव्हती.

"ऐकू येतंय मला," जयप्रकाश नेवरेकर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले.

"तेवढ्यासाठीच बोलले."

खारघरच्या सेक्टर वीसमधल्या सुरभी-सागर सोसायटीचे नेवरेकर सलग चौथ्यांदा बिनविरोध अध्यक्ष होते. बिनविरोध म्हणजे ते काम करायला दुसरं कुणीच तयार नव्हतं, हे त्यांच्याखेरीज सगळ्या सोसायटीला माहीत होतं. त्याआधी तेहतीस वर्षं त्यांनी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलचं काम केलं. त्या तेहतीस वर्षांत सही केलेला एकही रिपोर्ट त्यांनी मागे घेतला नाही, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. लिफ्ट सात मजल्यांची असल्यामुळे ऐकणाऱ्याची लवकर सुटका होत नसे.

मैदान मागणारी मुलगी म्हणजे जाई. एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती आणि बी-विंगमध्ये सरस्वतीबाई घरतांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होती. दर रविवारी ती सोसायटीतल्या नऊ मुलींना अमेरिकन फुटबॉल शिकवायची. त्यातला धक्काबुक्की नसलेला प्रकार. कमरेला दोन पट्ट्या लावायच्या, कच्च्या पपईच्या आकाराचा चेंडू घेऊन पळायचं, आणि समोरच्याने पट्टी खेचली की थांबायचं. आजवर हे सगळं मागच्या मोकळ्या प्लॉटवर चालायचं. गेल्या आठवड्यात प्लॉटभोवती पत्रे लागले. वाशीची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती, आणि मुलींना आता सोसायटीच्या मधल्या हिरवळीशिवाय जागा नव्हती. त्या हिरवळीवर 'खेळण्यास सक्त मनाई आहे' असा बोर्ड होता, आणि सकाळी त्या बोर्डला प्रदक्षिणा घालत नेवरेकर चालायला जायचे.

जाईने अर्ज दिला. नेवरेकर म्हणाले, "परवानगी द्यायला माझी ना नाही. पण खेळ काय आहे याचा मी अभ्यास केलेला नाही. अभ्यासाशिवाय मी सही करत नाही."

"काका, नियमांचं पुस्तक जाडजूड आहे," जाई म्हणाली. "पण माझ्याकडे एक जपानी मांगा आहे, याच खेळावरची. म्हणजे चित्रमालिका. सोळा भाग, इंग्रजीत. मी कॉलेजात असताना तीच वाचून या खेळाच्या प्रेमात पडले. ती वाचा, तुम्हाला सगळं कळेल."

"चित्रांची पुस्तकं."

"हो काका."

"ठीक आहे. पण तुमची खाजगी पुस्तकं वाचून मी निर्णय घेतला, तर तो पक्षपात होईल. सोसायटीच्या लायब्ररीत रीतसर जमा करा. मग मी सभासद म्हणून घेईन."

म्हणून जाईने आठ वर्षं जपलेले सोळा भाग एका खोक्यात भरून लायब्ररीत नेऊन दिले. पहिला भाग तळाशी, सोळावा सगळ्यांत वर.

लायब्ररी म्हणजे क्लबहाउसमधली, जिमसाठी लहान पडलेली खोली. ती सांभाळायची नमिता. सकाळी सोसायटीच्या ऑफिसात पावत्या फाडायची आणि दुपारी लायब्ररीत बसायची. नेवरेकरांनी तिला पुस्तक जमा करण्याची पद्धत तोंडपाठ करून दिली होती. आधी खाकी कव्हर, मग नंबराचं लेबल, मग आत पहिल्या पानावर डिंकाने तारखेची चिठ्ठी. यात डोकं चालवायचं नाही. नमिताने चालवलं नाही. खोक्यात सगळ्यांत वर होतं ते पुस्तक नंबर एक. खाकी कव्हराखाली छापलेले आकडे दिसेनासे झाले. आपली पुस्तकं जिकडून उघडतात तिकडून तिने सोळाही पुस्तकं उघडली. समोर एक जवळजवळ कोरं पान आलं, त्यावर मोठ्या अक्षरांत चार ओळी इंग्रजी. नमिताला वाटलं, प्रकाशकाचे आभार असतील. चिठ्ठी तिने बरोबर त्या ओळींवर डकवली.

त्या ओळींत लिहिलं होतं, 'थांबा. तुम्ही पुस्तकाच्या शेवटाशी आहात. ही गोष्ट उजवीकडून डावीकडे वाचायची आहे.'

अशा रीतीने नेवरेकरांनी वाचायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या हातात शेवटच्या भागाचं शेवटचं पान होतं.

त्या पानावर अकरा मुलं एका किरकोळ पोराला खांद्यावर घेऊन नाचत होती. पोराच्या हातात चषक. नेवरेकरांनी वहीत टिपलं, 'नायक सुरुवातीलाच विजेता. लोकप्रिय.' मग ते पुढे, म्हणजे मागे, निघाले. मुलं सामने हरू लागली. एकेक गडी संघ सोडून गेला. नायकाचा जिवलग मित्र भाग नऊमध्ये त्याला ओळखेनासा झाला. सोळाव्या पुस्तकाच्या शेवटी ते पोर रिकाम्या मैदानात एकटं उभं होतं. हातातून निसटलेला चेंडू समोर पडला होता.

"संवाद जरा विचित्र आहेत," ते मीनाताईंना म्हणाले. "हा आधी 'नाही' म्हणतो, मग समोरचा विचारतो, 'येतोस का?'"

"मग?"

"जपानी लोक फार शिस्तीचे. वेळ वाचवतात."

मीनाताईंनी डाळिंब्यांची सालं उचलली. नवऱ्याची चूक दाखवायची असेल, तर आधी आठ दिवस ती चूक त्याची नाही असं वागावं लागतं, हे त्यांना चौतीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

गुरुवारी नोटीस बोर्डवर अभ्यास अहवाल लागला. टाइप केलेला, चार पानी, खाली सही. त्याचं सार असं होतं की हा खेळ एका यशस्वी, मनमिळाऊ मुलाला सोळा भागांत मित्र, आत्मविश्वास आणि चेंडू पकडण्याची मूलभूत क्षमता यांपासून वंचित करतो. अशा खेळासाठी हिरवळ देणं योग्य होणार नाही. अंतिम निर्णय रविवारी साडेदहाच्या कमिटी मीटिंगमध्ये.

जाईने तो अहवाल लिफ्टपाशी उभं राहून वाचला. पहिल्या पानावर तिला वाटलं, काकांनी दुसरीच कुठली मालिका वाचली. तिसऱ्या पानावर ती सरळ लायब्ररीकडे पळाली. खाकी कव्हराचं पुस्तक नंबर एक उघडलं, चिठ्ठीचा कोपरा नखाने उचलला आणि नमितापुढे धरला.

नमिताने वाचलं. तिचा चेहरा चिठ्ठीसारखा झाला.

"ताई, माझी नोकरी जाईल," ती म्हणाली. "प्लीज, कुणाला बोलू नका."

"अगं, पण त्यांनी उलटं वाचलंय. सगळं."

"सगळं माझ्या लेबलांमुळे."

दोघी मिळून सेक्रेटरी निखिलकडे गेल्या. निखिल आयटीत होता, घरून काम करायचा, आणि घरून करता येईल तेवढंच सेक्रेटरीपणही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पॉइंट तुझा बरोबर आहे," तो जाईला म्हणाला. "पण तू टेनंट आहेस. टेनंटने येऊन अध्यक्षांना सांगायचं की काका, तुम्ही पुस्तक उलटं धरलंत? मग ग्राउंड विसर. पार्किंगपण विसर."

"मग तुम्ही सांगा."

"मी कसा सांगू? मी त्यांना बोललोय की अहवाल एकदम डीप आहे."

"तुम्ही वाचल्या होत्या का मांगा?"

"पहिल्या दोन. म्हणजे शेवटच्या दोन. मला वाटलं, आर्ट फिल्म टाइप आहे."

शेवटी असं ठरलं की कुणी काही बोलायचं नाही, फक्त सुचवायचं. लायब्ररीच्या दारावर एक फळा होता, त्यावर नमिता रोज सामान्यज्ञानाची एक ओळ लिहायची. शुक्रवारी सकाळी ऑफिसात जायच्या आधीच तिने लिहिलं, 'जपानी पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचतात' आणि आत जाऊन टेबलामागे बसली.

नेवरेकर फिरून आले. फळ्यापुढे थांबले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"उर्दूही तशीच," ते म्हणाले. "चांगली माहिती आहे. पूर्णविराम द्यायला विसरलात."

त्यांनी खडू घेतला, स्वतः पूर्णविराम दिला आणि निघाले. दारात जरा घुटमळले. मग परत येऊन म्हणाले, "ती सोळा पुस्तकं पुन्हा एकदा काढा. टिपणं ताडून बघायची आहेत."

त्या दुपारी मीनाताईंनी चहा ठेवला. ओपन किचनमधून त्यांना सगळं दिसत होतं. नेवरेकर बाल्कनीत पाठमोरे बसले होते. स्टीलच्या छोट्या पट्टीने त्यांनी एका पुस्तकातली चिठ्ठी अलगद उचलली, खालचं वाचलं, समोरच्या डोंगराकडे पाहिलं आणि एकेक करून उरलेल्या पंधराही उचलल्या. मग ते उठून स्वयंपाकघरात आले.

"थोडी खळ करून देतेस? कणकेची."

"कशाला?"

"एक पाकीट चिकटवायचंय."

मीनाताईंनी वाटीभर खळ करून दिली. एका पाकिटाला वाटीभर खळ कशाला लागते, हे विचारलं नाही. नेवरेकरांनी सोळाच्या सोळा चिठ्ठ्या होत्या तशा चिकटवल्या, सोळा नंबरचं पुस्तक घेतलं आणि उजवीकडून उघडलं.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला बाल्कनीतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"सर्दी झाली का?" मीनाताईंनी विचारलं.

"धूळ येतेय डोंगराकडून."

त्यांच्या मांडीवर पुस्तक नंबर एक होतं. अकरा मुलं एका किरकोळ पोराला खांद्यावर घेऊन नाचत होती. त्यातला एक तर भाग दोनमध्ये या पोराशी बोलतही नव्हता. मीनाताईंना वाटलं, आता संध्याकाळी खाली जातील आणि बोर्डवरचा अहवाल काढतील. नेवरेकर खाली गेले. बोर्डपुढे उभे राहिले. अहवालाची एक पिन सैल झाली होती, ती त्यांनी नीट दाबली आणि वर आले.

संध्याकाळी पुस्तकं लायब्ररीत परत आली. तारीख टाकायला नमिताने पहिलं उघडलं आणि चिठ्ठीवरून बोट फिरवलं. चिठ्ठीच्या कडेला पांढरट पापुद्रा होता. ऑफिसचा डिंक पिवळा असतो. तिने दुसरं उघडलं, तिसरं, चौथं. सोळाही पुस्तकांत खळ.

पाच मिनिटांत निखिलचा फोन वाजला. "सर, काकांना माहीत आहे," नमिता कुजबुजली.

"मग झालं की. ते बोलतील."

"अहवाल अजून बोर्डवरच आहे सर."

निखिलने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग आपल्याला माहीत आहे हे त्यांना कळता कामा नये," तो म्हणाला. "फार ऑकवर्ड होईल."

रविवारी साडेदहाला लायब्ररीत कमिटी भरली. सातजण. भाडेकरूंना मीटिंगमध्ये बसता येत नाही, म्हणून जाई दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि दार उघडं ठेवण्यात आलं. तिच्या मागे जिन्याच्या पायऱ्यांवर नऊ मुली, कमरेला पट्ट्या लावून. त्यांना आत काय चाललंय ते ऐकायला मनाई नव्हती, कारण तसा नियम कुणी केला नव्हता.

एव्हाना नमिताने एकाला सांगितलं होतं आणि निखिलने दोघांना, कुणाला सांगू नका म्हणून. त्यामुळे खोलीत असा एकही माणूस उरला नव्हता, ज्याला अहवाल उलटा आहे हे माहीत नव्हतं. नेवरेकरांनी तो वाचून दाखवला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. सगळे माना डोलवत होते.

"उत्तम," खजिनदार म्हणाले.

"मला तो एकटेपणाचा भाग आवडला," ए-विंगचे प्रतिनिधी म्हणाले. त्यांनी पुस्तकाला हातही लावला नव्हता.

"आपण तरी मुलांना वाचवलं पाहिजे," आणखी कुणीतरी म्हणालं.

नेवरेकरांनी अहवालाच्या शेवटच्या पानाकडे पाहिलं. "कुणाला काही शंका?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं. तेहतीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी दोनदा विचारला नसेल. "म्हणजे, अगदी मोकळेपणाने. काही खटकलं असेल तर."

कुणालाही काही खटकलं नव्हतं.

"मग मत घेऊया," निखिल घाईने म्हणाला. "ग्राउंड न देण्याच्या बाजूने हात वर करा."

तेवढ्यात सरस्वतीबाई घरत आल्या. त्या कमिटीत होत्या आणि कायम अर्धा तास उशिरा येत. सोसायटी उभी आहे तिथे एके काळी त्यांचं भाताचं शेत होतं, त्यामुळे त्यांना उशीर झाला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या काखेत खाकी कव्हराचं एक पुस्तक होतं. बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या मुलींतली मनस्वी ही त्यांची नात, तिने ते सकाळी लायब्ररीतून घेतलं होतं.

"थांबा जरा," सरस्वतीबाई बसत म्हणाल्या. "मना इंग्रजी वाचाया येत नाय. मी नुसती चित्रा बगली. एक विचारू का?"

"विचारा ना," नेवरेकर पटकन म्हणाले.

त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, डावीकडून उघडलं आणि पानावर बोट टेकवलं. "ह्या पोराच्या हाताला पट्टी हाय. बगा. आता फुडं. अजून पट्टी. अजून फुडं. पट्टी गेली, ने आता पोरगा धापकन पडला, ने हात मोडला. पट्टी आदी, हात मंग मोडला. असा कनचा डाक्टर करतो?"

निखिलने पानावर वाकून पाहिलं.

"काकी, ते जपान आहे," निखिल म्हणाला. "तिकडे सगळं प्रिव्हेंटिव्ह असतं."

"प्रिवेंटी म्हंजे?"

"म्हणजे आधीच काळजी घेतात. हात मोडणार असं दिसलं की पट्टी बांधून टाकतात."

"बरोबर," खजिनदार म्हणाले. "आपल्याकडे ही दृष्टी नाही."

"आनि ही काच?" सरस्वतीबाईंनी पान उलटलं. "खिडकीची काच खाली फुटलेली परलीय. मंग चेंडू येतो, ने काच जाग्यावर जाऊन बसते."

"ते प्रतीक आहे," ए-विंग म्हणाले.

"कशाचा?"

ए-विंगनी निखिलकडे पाहिलं. निखिलने नमिताकडे पाहिलं. नमिता डिंकाच्या बाटलीचं बूच लावत होती, जे आधीच लावलेलं होतं.

"काळाचं," निखिल म्हणाला. "सर्क्युलर टाइम. डीप आहे काकी."

"माज्या शेतात एवडा डीप कदी नव्हता," सरस्वतीबाई म्हणाल्या. "आमी आदी पेरायचो, मंग कापायचो. अध्यक्ष, तुमी सांगा. तुमी शिकलेली मानसा. मी ह्या कागदावर हात वर करते, पन माजी नात भायेर बसलीय. घरी गेल्यावर ती मना विचारल, आजी, तू कशाला हात वर केलास. तिला मी काय सांगू? डाक्टर येडा व्हता?"

नेवरेकरांनी दाराकडे पाहिलं. जाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, आणि तिने बोलू नये म्हणून स्वतःच्याच दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती. तिच्या मागच्या पायऱ्यांवर नऊ मुली एकमेकींच्या कमरेच्या पट्ट्या सरळ करत होत्या. त्यांतली एक किरकोळ होती. चेंडू तिच्या मांडीवर होता आणि तिने तो असा घट्ट धरला होता, जणू आत्ताच कुणीतरी तो मागायला येणार आहे. मुलींच्याही मागे, जिन्याच्या कठड्याला टेकून, मीनाताई उभ्या होत्या. हातात चहाचा थर्मास आणि चेहऱ्यावर काहीच नाही.

"मत घ्यायचं ना काका?" निखिलने विचारलं. तो घामाघूम झाला होता. "अहवाल क्लिअर आहे. आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत."

"ते दिसतंय मला," नेवरेकर म्हणाले. "म्हणूनच तर पंचाईत झालीय."

त्यांनी सरस्वतीबाईंपुढचं पुस्तक ओढून घेतलं. खिशातून पट्टी काढली, तीच, बाल्कनीतली, आणि सगळ्यांच्या देखत चिठ्ठीखाली सरकवली. खळ नीट वाळलेली होती, त्यामुळे जरा वेळ लागला. नमिताने डोळे मिटून घेतले. चिठ्ठी निघाली. नेवरेकरांनी ती घडी करून खिशात ठेवली, अहवालावरची स्वतःची सही एकदा पाहिली आणि पेनाने त्यावर एक सरळ रेघ मारली.

"डॉक्टर वेडा नव्हता, सरस्वतीबाई," ते म्हणाले. "मी उलटं वाचलं. सोळाच्या सोळा. शेवटी ती मुलं जिंकतात."